पोटातले जंत आणि ओढ्यावरचा मुळा

"बाई, तुमच्या पोटात मूल नाही. जंत आहेत."

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टर असं म्हणाले, तेव्हा सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. इतक्या वर्षांनी सुनेला दिवस गेले, असं त्यांनी शहापूरभर सांगितलं होतं. त्यांनी माझा हात सोडला आणि बाहेर जाऊन बसल्या.

पाळी चुकली होती. सकाळी ओकाऱ्या यायच्या, पोट वर आलं होतं. हातमागावर विणायला बसलं की बेंबीभोवती पीळ पडायचा. डॉक्टरांनी शौच तपासून 'राउंडवर्म' सांगितलं. म्हणजे गांडुळासारखे लांब जंत. त्यांची अंडी माणसाच्या मैल्यातून माती-पाण्यात जातात आणि कच्च्या भाजीला चिकटून पुन्हा आपल्या तोंडात येतात. "अंगात रक्त उरलं नाही, म्हणून पाळी थांबली," ते म्हणाले.

'सँटोनिन' नावाची जंतांची पूड दिली, वर एरंडेल. त्या औषधानं सगळं पिवळं दिसायला लागलं. भिंत, भात, नर्सबाईंचं पांढरं लुगडं. मी घाबरून ओरडले. "औषधामुळं होतं, उतरेल," डॉक्टर म्हणाले.

मग जंत पडले. मी रडले ती किळसेनं नाही. ज्याच्यासाठी मऊ लुगड्याची दुपटी शिवली, ते कधी नव्हतंच.

बरी झाल्यावर थेट आमच्या मळ्यात गेले. भाकरीबरोबर आम्ही रोज खायचो तो मुळा तिथलाच. मळ्यात राबणारा सिद्राम ओढ्यात मुळे धूत होता. वरच्या अंगाला गावाचे संडास.

"ह्या घाणीत धुतोस व्हय रं? माणसं मरतील की!"

"मग कुठं धुऊ, आक्का? तुमच्या हिरीवर गेलतो, तर तुमच्या मामंजींनी घागर फोडली. आमच्या जातीच्या हातानं पानी बाटतंय म्हनत्यात."

मी तशीच माघारी वळले. घरी येऊन सासऱ्यांसमोर उभी राहिले. अंगाची लाही होत होती. "त्याच्या हातचा मुळा चालतो, आणि त्यानं शेंदलेलं पाणी चालत न्हाय?"

"बायकांनी ह्यात बोलायचं न्हाय," ते म्हणाले आणि ताटातला मुळा चावत राहिले.

माझ्यासारखं कुणाचं पोट दुखत असेल, तर अंगारे-धुपारे करत बसू नका, दवाखाना गाठा. भाजी शिजवूनच खा. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. आणि ती फुटलेली घागरही नाही. आता विहिरीचं पाणी मीच शेंदते आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मुळे धुवायला सिद्रामच्या नव्या घागरीत ओतते. सासरे माझ्याशी बोलत नाहीत.

न बोलोत!