वूलाच्या दुकानातला संथ समुद्र

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू बंदराच्या धक्क्याजवळ वूला कलात्झीचं मासे-बटाटे तळायचं दुकान. कढईच्या उजव्या हाताला नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचं एक कपाट उभं असे. पडद्यावर निळा समुद्र, त्यात एक पाणबुड्या आणि त्याच्याभोवती तरंगत येणाऱ्या जेलीफिश. गिऱ्हाइकं कमी झाली की वूला तळता तळता खेळायची. पुढे खाऱ्या हवेनं आतला सर्किट बोर्ड खाल्ला आणि समुद्र काळा पडला.

ईस्टरनंतर दुकान बंद करून ती ॲडलेडला लेकीकडे राहायला जाणार होती. कपाट चालू झालं तर बरोबर नेईन, नाहीतर भंगारात, असं तिनं सांगून टाकलं. ते यूअन पास्कोच्या जिवाला लागलं. त्याच्या तरुणपणच्या कितीतरी संध्याकाळी त्या कपाटाला टेकून गेल्या होत्या.

यूअन वीजकेंद्रातून निवृत्त झालेला, एकटा जीव. बंद पडलेल्या गेमना पुन्हा उठवायचं त्याला वेड. त्यासाठी तो एफपीजीए नावाची चिप वापरी. ती चिप म्हणजे कुंभाराच्या हातची माती. लिहून द्याल तो आकार घेते. मेलेल्या बोर्डावरच्या वाटा तो भिंगातून पाही, कोण कुणाशी काय बोलत असेल ते ताडी आणि तेच बोलणं नव्या चिपला शिकवी. घरामागच्या त्याच्या शेडच्या पत्र्यावर समुद्रपक्षी टकटक चालत, खिडकीतून निळसर ऊन उतरे, आणि आपणच पाण्याखाली बसलो आहोत असं त्याला वाटे. देव भावाचा भुकेला म्हणतात. यूअनचा सगळा भाव त्या शेडमध्ये.

जुन्या बोर्डाची एक खोड त्याच्या ध्यानात आली होती. खेळाचा हिशेब करणारी चिप आणि चित्र काढणारी चिप, दोघींना मिळून एकच वाट. पडद्यावर गर्दी झाली की एक दुसरीसाठी खोळंबून राही आणि सगळा खेळ संथ होई. यूअननं मोठ्या मायेनं दोघींना वेगळी वाट करून दिली. आता समुद्र कुठेच अडत नव्हता.

नवा बोर्ड बसवला. वूला हात पुसत आली, खेळली, लगेच मेली. पुन्हा खेळली, पुन्हा मेली.

“हा माझा समुद्र नाही रे.”

“तुझे हात म्हातारे झालेत, वूला.”

“म्हाताऱ्या हातचा मासा काल बोटं चाटत खाल्लास, तेव्हा नाही सुचलं?” ती हसली, पण पाठ फिरवून पुन्हा कढईकडे गेली. भंगारवाल्याला शनिवारी बोलावलंय, हेही जाता जाता सांगून गेली.

यूअनला राग आला. शेडमध्ये बसून तो तिचं हरणं पाहत राहिला, मनातल्या मनात, पुन्हा पुन्हा. दर वेळी गर्दी झाली की तिचा डावा हात कपाटावरून सुटत होता. कुठे जात होता तो हात? मग त्याला उमगलं. त्यानं वेगळी केलेली वाट पुन्हा एक केली, आणि ज्याला आपण दोष म्हणत होतो तो खोळंबा जपून जागेवर ठेवला.

शुक्रवारी वूला पुन्हा उभी राहिली. जेलीफिश जमत गेल्या, पडदा भरला, समुद्र दमला. सगळं हळूहळू, स्वप्नात तरंगावं तसं. तेवढ्यात तिचा डावा हात, न बघता, कढईकडे गेला. तिनं तळणाची जाळी उचलली, झटकली, कडेला अडकवली, आणि हात परत आला तोवर पाणबुड्या जिवंत होता.

जाळीतले बटाटे सोनेरी झाले होते.

बराच वेळ ती खेळत राहिली. मग मागे न वळता म्हणाली, “यूअन, उद्या दोन माणसं बघ. कपाट जड आहे, ॲडलेडच्या गाडीत चढवायचंय.”

यूअननं मान डोलावली. मग बटाट्यांवर मीठ टाकलं, आणि तिथेच उभ्यानं खाल्ले.