अर्धा कोयता

ढोकीतल्या आपल्या माळवदावर शिवरंजनी लॅपटॉप उघडून बसली, की समोर तुरे फुटलेला ऊस दिसायचा. दुपारच्या वाऱ्यात ते पांढरट तुरे असे डुलायचे, की आपण ढगावर बसून प्रोग्रॅम लिहितोय असं तिला वाटे. कंपनी पुण्यात, ती इथं, आणि मधे नुसता वारा.

सध्या ती ऊसतोडीच्या टोळ्या लावणारं ॲप बनवत होती. दर दोन आठवड्यांनी थोडं तयार करायचं, वापरणाऱ्याला दाखवायचं, तो काय म्हणतो ते ऐकायचं. या फेऱ्याला स्प्रिंट म्हणतात. वापरणारे म्हणजे मुकादम बलभीमआण्णा. ते आज चहाला येणार होते, आणि उद्या ॲप लावील तशाच टोळ्या गाडीत बसणार होत्या.

शिवरंजनीला एक खोड होती. कोड लिहायच्या आधी ती त्याची परीक्षा लिहायची, टेस्ट. असं विचारलं तर असंच उत्तर आलं पाहिजे. या खेपेला मात्र कुठली टोळी कुठल्या फडात जाणार याचा नकाशा रंगवायच्या नादात परीक्षा राहूनच गेल्या.

पदर खोचत गजराबाई जिना चढून आली. शेजारची, नवरा गेल्यापासून एकटीच तोडीला जायची.

"पोरी, माझं नाव आलं का गं तुझ्या मोबाइलात?"

"आलं असंल की, मावशी." शिवरंजनीनं सगळ्या टोळ्या खालीवर केल्या. नाव नव्हतं.

"न्हाय व्हय?" गजराबाई हसली. "आगं, म्या आर्दा कोयता. दिसायची कशी?"

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. एकटं माणूस अर्धा. हे शिवरंजनीला लहानपणापासून ठाऊक. तरी कोयते मोजायला तिनं पूर्ण आकडेच धरले होते. अर्ध्याचं झालं शून्य, आणि शून्याला ॲपनं टोळीच दिली नाही.

तिनं पुण्याला टीममधल्या, मूळ गावच्याच विरेशला फोन लावला.

"एकच बाई ना? आज दाखवून टाक. पुढच्या स्प्रिंटला बघू."

"तवर गाडी गेलेली असंल."

"अगं, आण्णा नकाशा बघायला येतायत, रंजे!"

"नकाशा ऱ्हाऊ दे. आज नुसती नावं दाखवते, पण खरी."

"लई हट्टी हैस."

"आणि तू पुणेकर झालास. मीबी झाले होते."

तिनं आधी परीक्षा लिहिली: गजराबाई, एकटी, टोळीत दिसली पाहिजे. पडद्यावर लाल, म्हणजे नापास. मग ती कोडमध्ये उतरली, सरीतून सरीत, तुऱ्यांच्या सावलीतून चालावं तशी. मधेच तिनं मान वर केली.

"मावशी, दोन अर्धे मिळून एक कोयता होतो का?"

"मन जुळलं तर होतो."

तेवढं काही तिला लिहिता आलं नाही. बाकीचं लिहिलं. हिरवं झालं.

गजराबाई खाली कोयत्याला धार लावायला गेली, आणि आण्णा वर आले.

"नकाशा कुठाय?"

"पुढच्या खेपेला. आज नावं."

"नावं मला तोंडपाठ हैत की!"

"मग वाचा. चुकलंय का सांगा."

आण्णांनी चष्मा चढवला आणि मुकादमी आवाजात एकेक नाव घेतलं. नावं माळवदावरून सुटून उसावर तरंगत गेली.

"गजराबाई, अर्धा कोयता."

खाली धार लावायची खसखस थांबली.

"हाय!"

आण्णा दचकले, मग हसत कठड्याशी गेले. "आवाज तर अख्ख्या टोळीचा है की गं!"