हैबतरावाची टोपी

सीताबाईला क्षमा वगैरे जमत नसे, आणि मला त्याबद्दल तिचा आदरच वाटतो. पेणच्या खाडीकाठी मिठागरात राबणारी बाई. तोंड फटकळ, राग लोणच्यासारखा मुरलेला.

तिच्या नवऱ्याला, हिरामणला, मानेत कॅन्सरची गाठ झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि धीर द्यायला म्हणाले, "हे औषध तुमच्या दारातल्या सदाफुलीपासूनच काढतात." झालं! सदाफुली दारातच आहे तर मुंबईला कशाला मरायचं, असं घरात सगळ्यांना वाटलं. त्यात वरसे गावचा जडीबुटीवाला हैबतराव टपकला. "सुया सोड, माझा काढा घे." पहिल्या काही सुयांनीच हिरामणचे केस, भुवया गळाल्या होत्या, तो घाबरलेलाच होता. काढा पिऊन उलट्या करकरून वाळला आणि शिमग्याआधी गेला. फुलझाडातून औषध वेगळं काढून, मापात शिरेतच द्यावं लागतं, हे सीताबाईला नंतर कळलं. तेव्हापासून हैबतरावाचं नाव निघालं की ती थुंकायची.

सत्त्याण्णव साली तो तिला रोह्याच्या बाजारात दिसला. मध्ये बरेच महिने गायब होता. आता कानांपर्यंत टोपी ओढून बसलेला, पुढ्यात काढ्याच्या बाटल्या. समोर मैना नावाची बाई, कडेवर पांढरीफटक पोर. पोरीला रक्ताचा कॅन्सर. डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलेलं.

"मुंबई कशाला? मलाच गाठ झालेली. धावीर महाराजांची शपथ, सदाफुलीनंच बरा झालो!"

सीताबाईने त्याचा चेहरा निरखला. भुवया नव्हत्या. मेल्याची शपथ खोटी नव्हतीच. सदाफुली त्याने घेतली होती, पण सुईतून.

तिने टोपी हिसकावली. टक्कल उन्हात चकाकलं. "लोकांना टोप्या घालतोस आनि सोता सुया टोचून घेतोस व्हय रं?"

बाजार गोळा झाला. तिने एकेक बाटली गटारात ओतली. पोरीची दया आली म्हणून नव्हे. तिला हैबतरावाला चारचौघांत नागडं करायचं होतं. मैना मात्र मुंबईची गाडी विचारत एसटी स्टँडकडे निघाली.

हैबतरावाने हात जोडले. "मला जगायचं व्हतं गो."

"हिरामणला नाय व्हतं?" सीताबाई म्हणाली.