पोस्टमनच्या बायकोचं टपाल

शिवणकामाच्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. दिवसाला शंभर शर्टांची काजं, आणि एक वाकडं निघेल तर शपथ! नवरा पोस्टमन. गल्लीत त्याचं कोण कौतुक! म्हाताऱ्यांना पत्रं वाचून दाखवायचा, आजाऱ्यांची विचारपूस करायचा. अगदी देवमाणूस हो! आणि हा देवमाणूस घरात आला की आतून कडी घालायचा आणि कमरेचा पट्टा काढायचा.

दोन बरगड्या मोडल्यावर ती महिलांना मदत करणाऱ्या सरकारी कार्यालयात गेली. तिला निवाऱ्यात जागा हवी होती, बस्स. टेबलामागच्या बाईंनी अर्ज घेतला.

"भेटीची तारीख रजिस्टर पत्राने घरी येईल."

"बाई, घरी नको. आमच्या भागातलं टपाल माझा नवराच वाटतो."

"मग तर लवकर मिळेल!" बाई हसल्या. "नियम आहे हो, पत्ता घरचाच लागतो."

घ्या! पहिलं पत्र त्याने जेवताना सासूबाईंसमोर मोठ्याने वाचलं, आणि पानावरून उठून तिला असं बडवलं की त्या तारखेला तिला उठताच आलं नाही. पुढच्या दोन पत्रांचा तर तिला वासही लागला नाही. चार महिने वाट पाहून ती पुन्हा गेली, तेव्हा बाईंनी फाइल तिच्यापुढे सरकवली.

"तीन तारखा दिल्या, एकदाही आला नाहीत. प्रकरण बंद. पोचपावत्यांवर सह्या तुमच्याच ना?"

नाव तिचं, अक्षर नवऱ्याचं. तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती भांडली नाही. पावत्यांच्या झेरॉक्स मागून घेतल्या आणि तिथून तडक मोठ्या पोस्टात साहेबांकडे गेली.

माराबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. "साहेब, तुमच्या पोस्टमनने माझी तीन रजिस्टर पत्रं दाबली. माझ्या खोट्या सह्या केल्या."

साहेब ताडकन उठले! बरगड्या मोडल्या तेव्हा पोलीस चौकीत कुणी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नव्हतं. घरातलं घरात मिटवा म्हणाले होते. आणि पत्रं म्हटल्याबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तपासनीस दारात हजर!

त्याच्या कपाटातून तिन्ही पत्रं निघाली. त्याने हात जोडले. "साहेब, नवरा-बायकोचं घरगुती आहे हे."

"पत्र सरकारी आहे," तपासनीस म्हणाले, आणि भर गल्लीत त्याच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. शेजारीपाजारी बघतच राहिले. काजवाली मुद्दाम उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. तिला इतकं बरं वाटत होतं की विचारू नका.

सासूबाई रडायला लागल्या. "तक्रार मागे घे गं. त्याची नोकरी जाईल."

"जाऊ दे की! माझ्या बरगड्या मोडल्या तेव्हा तुम्ही पलीकडच्या खोलीतच होतात ना?"

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला तो काढलाच नाही.

दुपारी पोस्टात तिचा जबाब घेतला. तपासनिसांनी सगळं उतरवलं आणि पेन थांबवलं. "बाई, एक रकाना राहिला. त्याने पत्रं का दाबली? कारण लिहिल्याशिवाय कागद पुढे जात नाही."

अकरा वर्षांत तिला असं का झालं हे कुणी विचारलं नव्हतं. तिने खुर्ची पुढे ओढली.

"जास्तीचे कागद घ्या, साहेब. लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून सांगते."