फांद्या, डायनामाइट आणि वायुगतिकी

आमचे अण्णा जळकोटच्या माळावर विहिरी फोडायचे. लातूर जिल्हा नवाकोरा झाला होता, पण पाऊस काही नव्या जिल्ह्याचं तोंड बघायला आला नाही. जुन्या विहिरी खोल करायच्या म्हणजे खाली काळा खडक. त्याला भोकं पाडून डायनामाइट ठासायचं. वात पेटवायच्या आधी विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या रचायच्या, वर ओंडके, म्हणजे उडालेला दगड काट्यांत अडकतो. फांद्या विहिरीच्या मालकानं द्यायच्या, हा रिवाजच होता.

त्या दिवशी मालकानं फांद्या शेळ्यांना घातल्या होत्या. "एक डाव न्हाई झाकलं तर काय आभाळ कोसळतंय?" म्हणाला हलकट. अण्णा अडून बसले, तर "दुसरा गडी बघतो" म्हणाला. दुष्काळात दुसरं काम कुठलं? अण्णांनी मला धरून सगळ्यांना बांधामागं पिटाळलं आणि वात पेटवायला विहिरीत उतरले. तेवढ्यात माय भाकरी घेऊन आली आणि रोजच्यासारखी लांबच्या लिंबाखाली बसली. तिथवर दगड कधीच आला नव्हता.

त्या दिवशी आला. मायच्या डोक्यातच बसला. भाकरी रक्तानं भिजली. अण्णा पहार घेऊन मालकावर धावले, चौघांनी त्यांना आवळून धरलं. मला पोरीला कोण धरतंय? मी तोच दगड दोन्ही हातांनी उचलला आणि मालकाच्या नडगीवर घातला. नडगी मोडली. मला त्याचा आजही आनंद आहे. माय नांदेडच्या वाटेवर जीपमध्येच गेली.

पुढं नांदेडलाच कॉलेजात सरांनी फळ्यावर 'एरोडायनॅमिक्स' लिहिलं. मूळ ग्रीक. 'एर' म्हणजे आधी जमिनीलगतची धुकट हवा, मग सगळीच हवा. 'डायनामिस' म्हणजे ताकद. डायनामाइटचं नावही त्यातूनच आलं, सर कौतुकानं म्हणाले. मराठीत वायुगतिकी, आपल्या लोकांनी ताकद काढून गती ठेवली. बरं केलं, ताकद आम्ही बघितली होती.

सुट्टीत अण्णांना सगळं सांगितलं. उडालेल्या दगडाला हवा अडवते, हेही सांगितलं.

"किती अडवती?"

"जड दगडाला लई थोडी, अण्णा."



"म्हंजी तिच्या अन् दगडाच्या मधी नुसती हवाच होती," ते म्हणाले. "अन् वात म्या पेटवली."