अन्वरभाई वडगावला गेले तेव्हा

अन्वरभाई गेल्याची बातमी मला दवाखान्यातून कळली नाही. शिवाजी पेठेत त्यांच्या खोलीखाली झेरॉक्सचं दुकान आहे, त्या दुकानदाराचा फोन आला. "सिस्टर, वरचे सर दार उघडंनात, म्हणून कडी तोडली. सर गेलेत ओ... त्यांच्या मोबाइलवर शेवटचा फोन तुमचाच दिसला, म्हणून तुम्हाला लावला." मी चपात्या करत होते. गॅस बंद केला आणि तिथंच उभी राहिले. माझा तो फोन बऱ्याच दिवसांपूर्वीचा होता. त्यानंतर त्यांना कुणाचाच फोन आला नव्हता, हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

अन्वरभाई आमच्या दवाखान्यात संगणक विभाग बघायचे. मी वॉर्डात नर्स. पेशंटची माहिती कागदावरून स्क्रीनवर आली ती त्यांच्यामुळं. दुसरीकडून सिस्टीम विकत आणण्यापेक्षा आपल्या गरजेची आपणच करू, म्हणून त्यांनी ती स्वतः बांधली होती, आणि आम्हा साऱ्या नर्सेसना मागं उभं राहून शिकवली होती. कुणी चुकीचं बटण दाबलं तरी आवाज चढवायचे नाहीत. "कुणाकडनं झालं ते ऱ्हाऊ दे, काय झालं ते सांगा," एवढंच म्हणायचे. पत्नी आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन लांब परदेशात. त्यामुळं दवाखाना हेच त्यांचं घर होतं म्हणायला हरकत नाही. जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यातल्या त्यांच्या खोलीत कायम कुणी ना कुणी बसलेलं असायचं.

एका सकाळी माझ्या वॉर्डातल्या एका निवृत्त मास्तरांना खिडकीजवळचा बेड हवा होता, म्हणून मी स्क्रीनवर त्यांचा बेड बदलला. त्यांच्या नावाखाली लाल पट्टी होती. अमुक इंजेक्शन चालत नाही, अशी. बेड बदलल्यावर बघते तर पट्टी गायब! मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. भीतभीतच अन्वरभाईंना फोन केला. ते वर आले. "पुन्हा करून दाखवा," म्हणाले. खोट्या नावाचा एक पेशंट घातला, त्याला लाल पट्टी दिली, बेड बदलला. पट्टी गेली. पुन्हा केलं, पुन्हा गेली. अन्वरभाई माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, म्हंजे ह्याच्या आधीबी कुणाची तरी गेली असंल..."

कुणाची गेली होती ते त्यांनी त्याच दिवशी शोधून काढलं. पेठ वडगावची एक म्हातारी काही महिन्यांपूर्वी आमच्याकडं होती. वॉर्ड बदलल्यावर तिला नको ते इंजेक्शन गेलं, अंग सुजलं, श्वास अडकला. अतिदक्षता विभागात राहून कशीबशी वाचली. तेव्हा सगळे म्हणाले होते की नातेवाइकांनी काही सांगितलंच नव्हतं. म्हातारीसोबत सून होती. पण दाखल करतानाची मूळ नोंद आता समोर होती. सुनेनं सांगितलं होतं, आमच्याच माणसानं ते भरलंही होतं.

अन्वरभाईंनी लगेच बेड बदलायची सोय बंद केली, प्रत्येक वॉर्डात स्वतः जाऊन सांगितलं आणि वरती लेखी कळवलं. वरून निरोप आला की दुरुस्त करा, बभ्रा नको, नोंदीत 'वापरणाऱ्याची चूक' असं लिहा. ते म्हणाले, "वापरणाऱ्याची न्हाय, माझी हाय." आणि मग मला विचारलं, "सिस्टर, वडगावला येता? मला एकट्याला धीर व्हईना."

आम्ही एसटीनं गेलो. घरात म्हातारी बाहेरच्या सोप्यात बसलेली, लेक नुकताच शेतातून आलेला. सून, सुरेखा तिचं नाव, पाणी देऊन आत गेली. अन्वरभाईंनी पाण्याला हात लावला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुमच्या सुनंनं सांगितलं हुतं. मशीननं ते पुसलं. ते मशीन मी बनवलंय."

लेक ताडकन उठला. "आई मराय लागलीती की! आणि आता आलासा व्हय सांगायला?" अन्वरभाई मान खाली घालून ऐकत राहिले. तो बोलून दमला तेव्हा आतून सुरेखाचा आवाज आला. ती दारात आली नाही, दाराआडूनच बोलली. "मी सांगितलं हुतं. रोज सांगत हुते तुमास्नी, मी सांगितलं हुतं म्हणून." आणि ती रडायला लागली. म्हातारी आमच्याकडं बघत नव्हती. भिंतीला धरून उठली आणि आत सुनेकडं गेली. आत काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. आम्ही निघालो. चहा कुणी विचारला नाही, आणि तो विचारावा असं आम्हालाही वाटलं नाही. एसटीत अन्वरभाई एकदाच बोलले, "त्या पोरीला घरात किती दिस ऐकून घ्यावं लागलं असंल ओ."

लेकानं तक्रार केली. ती रास्तच होती. दवाखान्यानं बाहेरच्या कंपनीची सिस्टीम आणली आणि अन्वरभाईंना प्रिंटरची दुरुस्ती बघायला खालच्या मजल्यावर बसवलं. वॉर्डांतून त्यांना बोलावणं बंद झालं. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडं कुणी जाईना. डॉक्टरमंडळी जिन्यात दिसली तरी घाईत असल्यागत पुढं जायची. मी जमेल तेव्हा डबा घेऊन खाली जात असे. त्यांनी कधी कुणाबद्दल तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाले, "सिस्टर, आता कुणी चूक घेऊन येत न्हाय माझ्याकडं. करमत न्हाय." निवृत्त झाल्यावर तर ते सबंध दिवस पेठेतल्या खोलीतच असायचे. मी फोन केला की पहिल्या रिंगला उचलायचे.

दफनाला दवाखान्यातलं माणूस मी एकटीच होते. मुलीला वेळेत पोहोचता आलं नाही. पेठेतली चार माणसं, मशिदीतली काही माणसं... मी बाजूला उभी राहिले आणि सगळे पांगल्यावर एकटीच रिक्षा धरून घरी आले.

परवा अतिदक्षता विभागातून एका बाईंना आमच्या वॉर्डात हलवत होते. ट्रॉली ढकलणारी नर्स नवी आहे, हातकणंगल्याहून रोज रेल्वेनं येते. लिफ्टपाशी थांबून तिनं मोठ्यानं विचारलं, "मावशी, कुठलं औषध सोसत न्हाय तुमास्नी?" स्क्रीनवर सगळं दिसत असतानाही. मी तिला म्हटलं, "हे विचारायला कुणी शिकवलं गं?"

"कुणी न्हाय सिस्टर. हितं सगळ्याच विचारत्यात की."

वडगावहून आल्यावर अन्वरभाई वॉर्डावॉर्डात फिरून हेच सांगत होते. स्क्रीनवर विसंबू नका, माणूस हलवताना माणसालाच विचारा. मी तिला त्यांचं नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात लिफ्ट आली. बाई म्हणत होत्या, "सल्फाची गोळी न्हाय सोसत बघ." पोरगी "बरं बरं" म्हणत ट्रॉली आत घेत होती. दार मिटलं. मी बाहेर उभी होते.