भाजलेल्या पाठीवर आगळ

"मेलंय गो मामी, मेलंय! थांब!"

ही बोंब माझी. ती आचऱ्याहून निघाली तेव्हा मसुऱ्यात गाई दावी तोडून पळाल्या, आणि फोंडाघाटच्या बाजारात एका वाण्याच्या हातातला तराजू थरथरला. हे अगदी खात्रीलायक आहे, कारण गावभर सांगणारा मीच होतो.

मी मामाच्या पडवीत पालथा पडलो होतो आणि मामी माझ्या पाठीवर कोकमाचं आगळ चोळत होती. आमच्याकडे अंगावर पित्त उठलं, लाल गांधी आल्या, की आगळ लावतात. पाच मिनिटांत गारवा. भाच्याची पाठ लाल दिसली, मामीनं बाटली आणली, यात तिचं काय चुकलं? फक्त आगळ म्हणजे मीठ घालून वर्षभर टिकवलेला रस, आणि माझ्या अंगावर पित्त उठलं नव्हतं. माझी पाठ उन्हात भाजली होती.

"हालू नको रे, आता बसतला ता पित्त."

"पित्त नाय गो! ऊन लागलाहा!"

"उनान असा खंय होता? तू काय गोरो सायब?"

मलाही नेमका हाच धक्का बसला होता. सकाळी किनाऱ्यावर बायको उन्हाची क्रीम लावत होती. "निदान मानेला तरी लावा," ती म्हणाली. मी हसलो. "ही पुट्टी भिंतीला लावतात. आमची कातडी मालवणी आहे, ऊन तिला ओळखून आहे." ही मालवणी कातडी वीस वर्षं कुडाळच्या कचेरीत पंख्याखाली बसून आहे, एवढंच बोलायचं राहिलं.

मग मेव्हण्याचा पाण्यात बघायचा मास्क तोंडाला लावून मी खडकांजवळच्या उथळ पाण्यात पालथा तरंगत राहिलो. दहाला उतरलो तो एकला वर आलो. काय काय मासे बघितले! एक तर माझ्या हाताएवढा होता, जेवताना सांगितला तेव्हा होडीएवढा झाला. पाण्याखाली सगळं गारेगार, त्यामुळे वर पाठीचं काय चाललंय याचा पत्ताच नाही. चार वाजता त्या पाठीवर बांगडा ठेवला असता तर उलटायचीही गरज पडली नसती.

पायरीवर बसून मामा पोट धरून हसत होता. मामानं सगळं आयुष्य होडीत आणि किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढण्यात काढलेलं, उघड्या अंगानं, उघड्या डोक्यानं. "माझी पाठ बघ, मेल्या. सागवान! चल, तुका डॉक्टरणीकडे नेतंय." माझ्या काळजीपेक्षा त्याला माझी मिरवणूक काढायची हौस जास्त होती. रिक्षात मी पाठ टेकू नये म्हणून पुढचा दांडा धरून, वटवाघूळ जसं उलटं लटकतं तसा सुलट लटकलो होतो आणि मामा दिसेल त्याला हाळी देत होता, "सायबाक ऊन लागला रे!"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पाठ पाहिली, गार पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवायला सांगितलं, मलम दिलं, फोड फोडू नका म्हणाल्या. आणि मग माझी शाळा घेतली. अकरा ते तीन सावलीत थांबा. पाण्यात पोहायचं तर बाह्यांचा टीशर्ट घाला. क्रीम निघायच्या आधी लावा, पाण्यातून आलात की पुन्हा लावा, आणि कान, मान, पावलं विसरू नका. सावळ्या कातडीला थोडं संरक्षण असतं, पण ते थोडंच.

"आणि माशांका काय सांगू?" मामा मागून म्हणाला. "तिनानंतर येवा म्हणान?"

बाई मोठ्यानं हसल्या. उत्तर द्यायला त्यांनी मामाकडे मान वळवली, आणि हसणं अर्ध्यावरच थांबलं. त्या खुर्चीतून उठल्या आणि मामाची हनुवटी दोन बोटांनी खिडकीच्या उजेडाकडे वळवली. उजव्या कानाच्या वरच्या कडेला तुरीच्या दाण्याएवढी खपली होती.

"काका, हे कधीपासून आहे?"

"ह्या? काय नाय. खपली धरता, पडता, परत धरता."

"कधीपासून?"

मामानं बोटांवर मोजलं. "तीन पावस झाले असतले."

तीन वर्षं! त्या कानासमोर बसून मी किती वेळा जेवलो होतो. माझ्या सगळ्या थापा त्याच कानात ओतल्या होत्या. होडीएवढा मासा बघणाऱ्या माणसाला तुरीचा दाणा दिसला नव्हता. माझी पाठ दुखायची थांबली. हे मी वाढवून सांगत नाही.

"आपल्याकडे हे क्वचित होतं," बाई म्हणाल्या. "पण होतं. तुकडा तपासायला पाठवायला हवा."

"कान कापतंस काय गो माझो?" मामा म्हणाला. कोणी हसलं नाही. मग तोही हसला नाही.

तपासणीत कातडीचा कॅन्सर निघाला. पुढचे पंधरा दिवस मामी देवासमोरून उठली नाही, आणि मी एकही गोष्ट रंगवून सांगितली नाही. घरच्यांना वाटलं मलाच काहीतरी मोठं झालंय. शहरातल्या डॉक्टरांनी कानाची वरची कड कापून काढली. आत कुठे पसरलेलं नव्हतं. वेळेत आलात, म्हणाले. आम्ही वेळेत आलोच नव्हतो. आम्ही माझी पाठ घेऊन आलो होतो.

कानाला पट्टी बांधून मामा घरी आला, पडवीत बसला, आणि फाटलेलं जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून सांधायला लागला. मामी दारात उभी होती. माझा मात्र ताबा सुटला.

"तीन वरसां, मामा! आमका एक शब्द सांगूक नाय तू! कित्याक?"

मामानं दोऱ्याची गाठ ओढून घट्ट केली.

"कोणी इचारूक नाय," तो म्हणाला.